श्रावणातले पाणी पाहून बीज सोडू नका



२२ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला, हे तुमच्या कानावर आले असेलच. वीजदरात शेतीप्रमाणे सवलत, किसान क्रेडिट कार्डावर शेतीच्या दराचे कर्ज, विमा अशा गोष्टी त्यात आहेत. किसान क्रेडिट कार्डाचे दार मत्स्यशेतीला २०१८-१९ च्या केंद्रीय अर्थसंकल्पातच उघडले होते. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली, त्यात सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरले. त्याआधी २०१६ पासून 'मागेल त्याला शेततळे' होतेच. म्हणजे तळे खणायला पैसे, बीज आणायला पैसे, आणि आता धंद्याला शेतीचा मान. कागदावर सगळे जुळून आले आहे.

तरीही महाड-पोलादपूरच्या वाड्यांतून फिरताना बहुतेक तळेवाल्यांची तक्रार एकच ऐकू येते. "बीज सोडलं, खाणं घातलं, पण मासा काही मोठा झाला नाही." किती बीज सोडले होते असे विचारावे, तर उत्तर छाती फुगवून येते, "दोन हजार!" शेजाऱ्याने दीड हजार सोडलेले असतात, म्हणून याने दोन हजार.

ही तक्रार नशिबाची नाही, बियाण्याचीही बहुधा नाही. ही मोजणीची चूक आहे. आणि ती आपल्या भागात इतकी का होते, त्याचे कारण आपल्या पावसात आहे.

महाड आणि पोलादपुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही जास्त पाऊस पडतो. हा सगळा मिरगापासून हस्तापर्यंत, जेमतेम चार महिन्यांत. श्रावणात तळे काठोकाठ असते, सांडव्यावरून पाणी धो-धो वाहते. त्याच सुमारास बीजवाल्याची गाडी गावात येते. भरलेले तळे पाहिले की माणसाचा हात सैल सुटतो. पण हेच पाणी शिमग्याला कुठे असते? पऱ्या आटलेला, वहाळात दगड उघडे पडलेले. पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हे काही तुम्हाला नव्याने सांगायला नको. मासा मात्र श्रावणात काठोकाठ पाण्यात बोटाएवढा असतो आणि फाल्गुनात कमरेएवढ्या पाण्यात त्याला अर्ध्या किलोचे व्हायचे असते. त्याची भूक वाढते, तेव्हाच त्याचे घर लहान होते.

म्हणून सांगतो, बीज सोडताना श्रावणातले पाणी बघू नका, फाल्गुनातले बघा.

हिशेब असा करा

योजनेतले नेहमीचे तळे घेऊ. वर ३० मीटर बाय ३० मीटर, खोली ३ मीटर, उतार सरळ एकास एक, तळाशी २४ बाय २४. काठोकाठ भरले की त्यात सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी असते. पृष्ठभाग जवळजवळ नऊ गुंठे. आता त्यात एक मीटरच पाणी उरले असे धरा. पृष्ठभाग २६ बाय २६ म्हणजे पावणेसात गुंठे होतो. तो फारसा कमी वाटत नाही. पण पाणी उरते सुमारे सव्वासहा लाख लिटर, तीन हिश्शांतला एक हिस्साही नाही. डोळ्यांना तळे अजून तळ्यासारखेच दिसते, आणि तिथेच आपण फसतो.

या उरलेल्या पाण्यात मासे किती किलो तगतील? मत्स्यशेतीच्या पुस्तकांत खत, खाद्य आणि देखभाल नीट असली की हेक्टरी तीन-चार टन उत्पादनाचे आकडे असतात. ते आपल्याला लागू धरू नका. तळ्यावर वीज नाही, हवा घालायचे यंत्र नाही, खाद्य जमेल तसे. मी हात आखडता घेऊन हेक्टरी दोन टन धरतो. पावणेसात गुंठ्यांना सुमारे १३५ किलो. तुमचे तळे एवढे वजन पेलेल, त्यावर नाही. पाणी तुम्ही काजू-आंब्याला उपसत असाल तर त्याहूनही कमी.

आता बघा. दोन हजार बोटुकली सोडली, त्यातली सत्तर टक्के जगली, तर चौदाशे मासे झाले. १३५ किलो भागिले चौदाशे, म्हणजे माशी शंभर ग्रॅमही नाहीत. शंभर ग्रॅमचा कटला बाजारात कोण घेणार? काटेच जास्त. त्याऐवजी चारशे बोटुकली सोडली, दोनशे ऐंशी जगली, तर प्रत्येक मासा अर्ध्या किलोच्या जवळ जातो. एकूण वजन दोन्हीकडे तेवढेच. पण एक माल टोपलीत मोजून विकला जातो, दुसरा कोंबड्यांना घालावा लागतो. बीजाचा खर्चही पाचपट, तो वेगळा.

नाचणीची विरळणी केल्याशिवाय कणीस भरत नाही, हे आपल्या बायका न शिकता जाणतात. रोप दाट टाकले तर भात काडीवर जातो. तळ्याच्या बाबतीत मात्र आपली अक्कल पाण्याखाली जाते, कारण तिथे गर्दी दिसत नाही.

विरळणी तळ्यातही करता येते. भाद्रपदात पाणी भरपूर आणि मासा लहान असतो, ते पाणी वाया का घालवायचे? चारशेऐवजी सहाशे सोडा, आणि मार्गशीर्ष-पौषात पाव किलोच्या आसपास झालेले दोनशे काढून घ्या, घरी खा, वाडीत विका. उरलेल्यांना मोकळे पाणी मिळते. हे न करता 'अजून जरा मोठे होऊ देत' म्हणून सगळेच ठेवले, की माघ-फाल्गुनात पाणी उतरू लागते आणि वाढ थांबते. त्यानंतर घातलेले खाद्य मासा जिवंत ठेवण्यात जाते, वजन देत नाही. महिन्यातून एकदा पाग टाकून दहा मासे तोला आणि वहीत लिहा. लागोपाठ दोन महिने वजन वाढले नाही तर तळे भरले असे समजा, आणि काढणीला लागा.

विक्रीचेही तसेच. गोड्या पाण्यातल्या मासळीला आपल्याकडे गिऱ्हाईक दुय्यम समजते, किनाऱ्यावरून सुरमई-बांगडा येत असतो. मग तळ्यातली मासळी कधी चालते? शिमग्याला आणि मे महिन्यात चाकरमानी गावी येतात तेव्हा. ताजी, डोळ्यांदेखत काढलेली मासळी त्यांना हवी असते आणि ते घासाघीस कमी करतात. जून-जुलैत समुद्रातली मासेमारी बंद असते, तेव्हा भाव चढतो, पण तोवर आपल्या तळ्यात पाणी राहतेच असे नाही. ज्याचे तळे खरोखर बारमाही आहे त्यानेच त्या भावाची आशा करावी. बाकीच्यांनी शिमगा हीच काढणीची तारीख धरून मागे हिशेब लावावा.

कोणता मासा?

कटला, रोहू आणि मृगळ यांचा एक मोठा गुण असा की ते तळ्यात पैदास करत नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहती नदी लागते. म्हणजे जेवढे सोडाल त्याहून ते वाढणार नाहीत, कमीच होतील. संख्या तुमच्या हातात राहते. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. चारशेतले एकशे साठ कटला आणि बाकी रोहू-मृगळ निम्मे-निम्मे हे मातीच्या तळ्याला ठीक. पण आपल्या मुरमाड, जांभ्याच्या जमिनीत पाणी धरत नाही, म्हणून बहुतेकांनी प्लॅस्टिकचे अस्तर घातले आहे. तिथे तळाला चिखल नाही, चिखलातले खाद्य नाही, तेव्हा मृगळ कमी करा आणि रोहू वाढवा. (अस्तराच्या तळ्याचे आणखी एक. त्यात पाय घसरून पडलेला माणूस पोहणारा असला तरी वर येऊ शकत नाही. चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडून ठेवा आणि कुंपण घाला. पोरे आंघोळीला जातातच.)

सायप्रिनस स्वस्त मिळतो आणि लवकर वाढतो. पण तो साठलेल्या पाण्यातल्या गवतावरही अंडी घालतो, आणि खाणे शोधताना बांध उकरतो. मातीच्या बांधाला तो नकोच, असे माझे मत.

आता चिलापी, म्हणजे तिलापिया. हे मी स्वतः भोगले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी दारावर आलेल्या एका बीजवाल्याकडून मी घाईघाईत पिशवीभर 'मिक्स' बीज घेतले. पावती नाही, मोजणी नाही. कार्तिकात पाग टाकला तर निम्मी चिलापी. त्या वेळी हसलो, म्हटले मासा तो मासा. माघात पाहतो तो काठाकाठाने चिलापीच्या पिलांचे ढग फिरताहेत, आणि माझा रोहू वीतभर होऊन थांबलेला. मूळ आफ्रिकेतली ही जात १९५२ साली आपल्या देशात आली. ती दोन-तीन महिन्यांची झाली की अंडी घालू लागते, मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते म्हणून ती मरत नाहीत, आणि वर्षात अनेकदा हेच चालते. तळे तेवढेच, तोंडे दहापट. मग सगळ्यांचीच वाढ खुंटते, चिलापीचीही. उजनी धरणात ही मासळी किती माजली ते सोलापूर-इंदापूरकडच्या कोणालाही विचारा. तिथे पाणी अथांग आहे म्हणून ती जाळ्यात तरी पोटभर येते. आपल्या नऊ गुंठ्यांत ती बोटाएवढीच राहते.

एकदा शिरली की तिला काढायचा एकच खात्रीचा मार्ग आहे, वैशाखात तळे पूर्ण उपसून कोरडे करणे. डबके ठेवले तर त्यातून पुन्हा उगवते. मरळ सोडून चिलापीची पिल्ले खाऊ घालायची, असेही काही जण करतात. मरळीला भाव चांगला आहे, ही गोष्ट खरी. पण ती आधी तुमची रोहूची बोटुकली खाईल. कटला-रोहू विताहून मोठे झाल्यावर आणि तेही आठ-दहाच लहान मरळी, एवढेच धाडस करावे. गिफ्ट तिलापिया नावाची सुधारित जात आहे, पण ती परवानगी घेऊन, नियमांत राहूनच पाळायची असते. दारावर पिशवीत मिळते ती 'गिफ्ट' नव्हे.

थायी मांगूरबद्दल तर विचारूही नका. त्याच्या संवर्धनावर २००० सालापासून बंदी आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात त्याचे साठे नष्ट करण्याची मोहीमही झाली. हा मासा घाणेरड्या पाण्यात जगतो, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो आणि दिसेल तो जीव खातो. 'गावठी मांगूर आहे' म्हणून कोणी विकायला आले तर त्याला पावती आणि हॅचरीचे नाव मागा. बहुधा तो पुढच्या वाडीला निघून जाईल.

पूर आला की

तुम्ही म्हणाल, माझे तळे माझ्या शेतात, मी काहीही पाळेन. पण या दोन तालुक्यांत खासगी तळे पावसाळ्यात खासगी राहत नाही. २२-२३ जुलै २०२१ ला सावित्री, गांधारी आणि काळ नद्यांनी काय केले ते महाडकरांना आठवते. त्या पाण्याने बाजारपेठच बुडाली, तिथे शेततळ्यांचे काय? एवढा पूर नसला तरी दरवर्षी सांडव्यावरून मासे निसटतात, पऱ्यातून वहाळात आणि वहाळातून सावित्रीत. आणि वलगणीला नदीतली मासळी उलट खाचरात चढते, तशी तळ्यातही शिरते. मरळ आणि शिंगटी अशाच येतात, आणि तुम्ही सोडलेल्या बीजावर पोसतात.

नदीत काय आहे, याची किंमत आपल्याला कमी वाटते. महाड तालुक्यात वाळण येथे काळ नदीच्या कोंडीत वरदायिनी देवीच्या श्रद्धेने पिढ्यान् पिढ्या मासे राखले आहेत. कोणी जाळे टाकत नाही, भाविक खाऊ घालतात, आणि हातभर लांबीचे महासीर पायाशी येतात. हे शिकायला लांबून अभ्यासक येतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महासीराची पिल्ले तयार करायला १९७० च्या दशकापासून केवढे कष्ट घेतले गेले. आपल्याकडे तो मासा फुकट, गावाच्या शब्दावर जगला आहे. त्याच खोऱ्यात कोणाच्या तळ्यातून मांगूर किंवा चिलापी सुटली तर देवीच्या धाकाने ती थांबणार नाही. चिलापी-मांगूर पाळणाऱ्या तळेवाल्याला त्याचा शेजारी 'हे बंद कर' म्हणाला, तर त्याला तो अधिकार आहे असे मी मानतो.

मग मासे अडवायचे कसे? सांडव्यावर बारीक जाळी बसवणे हा पहिला विचार सुचतो आणि तोच बांध फोडतो. आपल्या पावसात पाने, गवत आणि गाळ यांनी ती जाळी दोन तासांत बुजते, पाणी तुंबते आणि बांधावरून वाहू लागते. जाळी उभी न लावता तिरकी, रुंद लावा. बांबूच्या ताट्या चालतात. पावसाच्या दिवसांत रोज दोनदा साफ करा. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोंगराचे पाणी तळ्यात घेऊच नका. वरच्या बाजूने चर खणून ते बाजूने काढून द्या. तीन हजार मिलिमीटर पाऊस तळ्याच्या स्वतःच्या तोंडावर पडतोच, तळे तेवढ्याने भरते.

याच कारणासाठी बीज आषाढात सोडायची घाई करू नका. आषाढात बीज मिळाले तर तळ्याच्या कोपऱ्यात मच्छरदाणीच्या कापडाचा हापा बांधून त्यात ते वाढवा. मुसळधार सरली, नारळी पौर्णिमा ते गणपती या दिवसांत, की बोटुकली झालेली मोकळी सोडा. निसटणार कमी, आणि मोजूनही घेता येतील. मत्स्यजिरे स्वस्त पडते म्हणून थेट तळ्यात ओतणे म्हणजे बेडकांना आणि पाणकावळ्यांना जेवण घालणे. पिशवी आणल्यावर ती वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग हळूहळू तळ्याचे पाणी आत घ्या. पुष्कळ बीज त्या एका घाईत मरते, आणि दोष बीजवाल्याला जातो.

खत-खाद्याचे थोडक्यात. कोरड्या मातीच्या तळ्यात नऊ गुंठ्यांना २५ ते ४० किलो चुना पसरा, आपली जमीन आंबट आहे. आठवड्याने दीडशे-दोनशे किलो शेण, पुढे महिन्याला साठ-सत्तर किलो. भाताचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड निम्मे-निम्मे, माशांच्या एकूण वजनाच्या शेकडा दोन-तीन. तीनशे मासे शंभर ग्रॅमचे असतील तर दिवसाला एक किलोच्या आतच लागते, यावर जास्त घालू नका. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवा. बोटे दिसेनाशी झाली तर पाणी जेवढे हिरवे हवे तेवढे आहे. मनगटापर्यंत बुडवतानाच बोटे गेली तर शेण आणि खाद्य दोन्ही बंद. ढगाळ हवेत, विशेषतः पहाटे, मासे वर येऊन तोंडे उघडझाप करू लागले तर त्यांना भूक लागलेली नसते, त्यांचा जीव घुसमटलेला असतो. त्या वेळी खाद्य टाकणारे मी पाहिले आहेत. पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात पाडा, ताजे पाणी असेल तर सोडा, आणि त्याच दिवशी काही मासे काढून गर्दी कमी करा.

सरपंच आणि अधिकाऱ्यांसाठी

आता गावच्या कारभाऱ्यांना दोन शब्द. तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे ठरले. नाव बदलले, पण शेततळ्याची सातबाऱ्यावर नोंद करून देण्याचे काम तेच आहे. बँक आणि विमा यांना बोलण्यापेक्षा कागद लागतो. शेतीच्या दर्जाचा फायदा घ्यायचा तर तळ्याची नोंद, बीजाची पावती, किती सोडले, कधी सोडले, दरमहा वजन काय, किती काढले हे एका वहीत असले पाहिजे. विमेकरी मेलेले मासे मोजायला येतो तेव्हा 'दोन हजार सोडले होते' हे तोंडी सांगणे चालत नाही. ग्रामसभेत ही वही कशी ठेवायची ते एकदा दाखवले तर कोणाचे काही बिघडणार नाही.

बीज एकट्यादुकट्याने चारशे नगांसाठी आणणे महाग पडते, म्हणून शेतकरी दारावरच्याकडून घेतो आणि फसतो. गावातल्या पाच-दहा तळेवाल्यांनी मिळून मागणी नोंदवली, आणि पंचायतीने तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी पत्रव्यवहार केला, तर एक गाडी खात्रीच्या हॅचरीवरून येऊ शकते. रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे, शंका असेल तर तिथे विचारता येते.

तळे कुठे खणायचे, यात पंचायतीने डोळे उघडे ठेवावेत. २००५ च्या जुलैमध्ये जुई, दासगाव, कोंडिवते, रोहण येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ ला तळिये गावात ऐंशीहून अधिक माणसे गेली, त्याच दिवसांत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. अशा उतारावर, वस्तीच्या वरच्या अंगाला, बिनअस्तराचे तळे म्हणजे डोंगरात पाणी मुरवणे. अनुदान मंजूर झाले म्हणून तिथे खणू देऊ नका. जमिनीला भेगा दिसल्या असतील तर आधी भूजल किंवा भूविज्ञान खात्याचा माणूस आणा.

गावतळ्याचा मासेमारीसाठी लिलाव करणाऱ्या पंचायतींनी अटी नीट लिहाव्यात. कोणती जात सोडायची, किती सोडायची, मांगूर-चिलापी बंद, आणि गुरे, कपडे, पाणी यांचा गावाचा वापर ठेकेदार अडवणार नाही. ज्या महाडला १९२७ साली एका तळ्याच्या पाण्यासाठी बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, तिथे सार्वजनिक पाणी कोणाचे हा प्रश्न पुन्हा उभा राहू नये. डोहात औषध टाकून किंवा सुरुंग लावून मासे मारणे तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. तो जुना कायदा कोणी वाचत नाही, म्हणून उन्हाळ्यात डोह पांढरे पडतात. गुन्हा नोंदवायला पोलीस पाटलाने पुढाकार घेतला तर एका उन्हाळ्यात फरक पडेल.

शेवटी या वर्षीचे काम. तळ्यात एक बांबू रोवा, त्यावर फुटाफुटाला रंगाच्या खुणा करा. गणपतीला पाणी कुठे होते, दिवाळीला कुठे, संक्रांतीला कुठे, शिमग्याला कुठे, हे कॅलेंडरवर त्या-त्या तारखेखाली लिहा. अस्तर फाटले असेल तर हे आकडेच सांगतील. मासे शिमग्याला काढले की तळे उपसून वैशाखाच्या उन्हात तळाला भेगा पडेपर्यंत वाळवा, म्हणजे चिलापी, मरळ, शिंगटी काहीच शिल्लक राहणार नाही. ज्याला उपसणे शक्य नाही त्याने मोहाची पेंड टाकावी. पाणी मीटरभर असेल तर नऊ गुंठ्यांना पावणेदोनशे ते सव्वादोनशे किलो लागते, आणि त्यानंतर तीन आठवडे बीज सोडायचे नाही. कीटकनाशक कधीही नको, ते पाणी पुढे तुमच्याच गुरांच्या पोटात जाते. मग पुढच्या श्रावणात बीजवाला दारात आला की आधी बांबूवरची शिमग्याची खूण बघा, आणि त्याला आकडा सांगा.